दोघांनी लावायचा टप

उघड्या टपाची गाडी घेणं म्हणजे माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःला आभाळाच्या हवाली करणं. तो मात्र पाऊण तास, टप बंद कसा होतो, एवढंच विचारत होता.

वापरलेल्या गाड्यांच्या त्या आवारात असल्या गाड्या दोनच होत्या. विक्रेतीने आधी लाल दाखवली. बटण दाबलं की तिचा टप आपण होऊन मागे जायचा आणि स्वतःची घडी घालून डिकीत झोपायचा.

"माणूस लागतच नाही," ती अभिमानाने म्हणाली.

"हं," तो म्हणाला.

दुसरी फिकट निळी, जुनी. तिचा टप कापडी, लोखंडी सांगाड्यावर ताणलेला. दोन्ही बाजूंना एकेक कडी. दोन्ही एकदम सोडायच्या आणि सांगाडा दोन्हीकडून सारखा उचलायचा. एकट्याने एका बाजूने ओढला की तिरका होऊन अडकायचा, तो अडकायचाच.

"म्हणजे हे दोघांचं काम."

"दोघांचंच. म्हणून तर वर्षभर पडून आहे बिचारी."

दोघांचं काम हा त्याचा विषय होता. तो लेखक होता. घडीची कपाटं, पलंग, पंखे यांच्या खोक्यांत जी माहितीपत्रकं असतात, ती लिहायचा. त्याचं लेखन घरोघरी पोचलं होतं आणि कुणी वाचलं नव्हतं. 'ही जोडणी दोन व्यक्तींनी करावी' हे वाक्य त्याने शेकडो वेळा लिहिलं असेल. शेजारी चित्र: एकटा माणूस, त्याच्यावर फुली, मग दोन माणसं, दोघंही हसतायत. स्वतःच्या घरातलं कपाट त्याने डोक्याचा टेकू देऊन एकट्याने उभं केलं होतं.

"रस्त्यात ऊन चढलं, टप लावावासा वाटला, तर?"

"हाक मारायची कुणालाही. 'जरा हात लावता का?' अर्ध्या मिनिटाचं काम. नाही कोण म्हणतंय!"

"कुणीही येतं?"

"अहो, बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायला माणसं स्वतःची बस चुकवतात."

त्याने कडी धरली. विक्रेती पलीकडच्या कडीशी गेली.

"तीन म्हटल्यावर ओढायचं, की तीनच्या बरोबर?"

"तीनच्या बरोबर."

पहिल्यांदा ती आधीच ओढून मोकळी झाली. दुसऱ्यांदा तो. तिसऱ्यांदा टप असा अलगद मागे गेला की दोघंही एकमेकांकडे बघून हसली. चौथ्यांदा करायची काही गरज नव्हती.

"ही घेतो," तो म्हणाला.

वर्षभर पडलेली गाडी खपत असताना पुढचं विचारू नये, पण तिला राहवलं नाही. "सर, घरी कोण कोण असतं?"

"चोवीस बिऱ्हाडं आहेत."

"बिल्डिंगमध्ये नाही हो, घरात."

"मीच."

"मग लाल घ्या ना. रोज उठून कुणाला बोलावणार?"

"समोरच्यांना."

"चांगली ओळख आहे?"

"होईल की."

सह्या करता करता त्याने उन्हाळा आखून टाकला. सकाळी टप उघडायचा, संध्याकाळी लावायचा. म्हणजे समोरच्यांची बेल दिवसातून दोनदा. नऊ वर्षांत ती त्याने एकदाही वाजवली नव्हती, कारण काम निघालं नव्हतं. साखर मागायचे दिवस गेले. साखर आता दहा मिनिटांत दारात येते. समोरचे गृहस्थ साडेसातला बूट घालतात, हे त्याला आवाजावरून माहीत होतं. नेमकं तेव्हा दार उघडायचं. पहिल्या दिवशी फक्त टप. आठवड्याभराने म्हणता येईल, बसा, वाटेत सोडतो. एका कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात त्याने 'जरा हात लावता का?' असं लिहून पाहिलं. मग 'जरा' खोडलं. मग पुन्हा घातलं.

कागदपत्रं व्हायला दीड तास लागला. बाहेर आला तर निळ्या गाडीशी आवारातला म्हातारा मिस्त्री चष्मा कपाळावर चढवून उभा होता.

"बाई म्हणाल्या, साहेब एकटेच असतात. म्हटलं, मग असं कसं चालेल?"

त्याने दोन्ही कड्या मधे एक दांडा टाकून जोडल्या होत्या आणि सांगाड्याला दोन्हीकडे स्प्रिंगा बसवल्या होत्या. मिस्त्री चालकाच्या सीटवर बसला आणि एका हाताने दांडा ढकलला. टप मागे गेला. खेचला; टप पुढे येऊन चपखल बसला. दुसऱ्या हातात चहाचा कप होता, तो हिंदकळलासुद्धा नाही.

"बघा. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

"छान झालंय," तो म्हणाला.

"पैसेबिसे काही देऊ नका. मीही एकटाच असतो, साहेब. अडचण कळते मला."

"निघत असेल ना हा दांडा? पुढेमागे?"

"निघतोय कसला! वेल्डिंग केलंय."

मिस्त्री हात धुवायला गेला. गाडीशी एकटा उरल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पाय टेकवून, जोर लावून हलवून पाहिला.

वेल्डिंग पक्कं होतं.