दुपारचं घोरणं

नवरा रात्रपाळीवर असल्यामुळे दुपारी घोरायचा आणि पलंगाच्या कडेवरच बसून समोरच्या मशीनवर कपडे शिवणारी बायको वैतागायची. घोरणं मध्येच थांबून त्याचा श्वास अडकला, की ती कोपराने ढोसून म्हणे, “अहो, कूस बदला.” पलंग करकरे आणि गाडी पुन्हा सुरू होई.

“श्वास अडकतोय, हे हसण्यावारी नेऊ नका. आवाज फोनवर टिपून त्यांना घेऊन या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

“म्हणजे माझं गाणं तू गावभर ऐकवणार!” नवरा खिदळला.

तिने आवाज टिपला. त्याला न्यायचं मात्र आज-उद्या करत राहिलं. मग एका दुपारी शिलाई मशीनच्या खडखडाटात ते घोरणं कायमचं थांबलेलं तिला कळलंसुद्धा नाही.

आता फोनवर तेच घोरणं लावल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे.

आज ते ऐकता ऐकता ती पेंगली, आणि घोरणं थांबलं. तिने डोळे उघडले. फोन समोर मशीनवर बंदच होता. आज तिने ते घोरणं लावलंच नव्हतं.

मागे वळून बघायचा तिला धीर होईना.

“अहो, कूस बदला.”

पलंग करकरला. श्वास काही येईना.

“उठा हो,” ती रडवेली होऊन म्हणाली, “आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडे जाऊ.”

तिच्या पाठीमागची दबलेली गादी हळूच वर आली.