शेततळ्यातली चक्की

समुद्रात तरंगणारी एक पवनचक्की राजेश्रीच्या कंपनीनं उभी करून दाखवली, पण तशा शंभर उभारणं परवडेना, म्हणून कामच गुंडाळलं. वडिलांना हे फोनवर सांगायचा तिला धीर होईना. गावी, पिंगळीला उतरली ती थेट शेतात गेली. मोसंबीच्या अख्ख्या बागेच्या वाळून काटक्या झाल्या होत्या. शेततळ्यात मात्र कमरेइतकं पाणी होतं, आणि कॉलेजात असताना तिनं रंगाच्या डब्यांवर बसवलेली चिमुकली चक्की त्यावर तरंगत भिरभिरत होती. “आबा, एवढं पाणी असताना बाग का वाळू दिली?” बांधावर उभे असलेले तिचे वडील दत्तराव ओशाळून हसले. “उपसलं असतं तर तुजी चक्की तळाला टेकली असती, माय. मोठीबी अशीच तरंगती का?” राजेश्रीनं वाटेभर घोकलेली बातमी गिळली. “तरंगती की, आबा.” त्यांनी वाळल्या खोडावर हात ठेवला. “मंग झालं तर. बाग काय, परत लावता येती.”