सहलीचे फोटो

"फोन घ्यायचा तर त्याच कंपनीचा, नाहीतर नको," असा लेकीने धोशाच लावला होता. तिच्या वर्गातल्या मुलींकडे त्याच कंपनीचे फोन होते. आईने दिलेला जुना फोन चारचौघींत बाहेर काढायचीही तिला लाज वाटायची. शेवटी शिवणकाम करणाऱ्या आईने दोन महिने जास्तीचे कपडे शिवायला घेतले आणि सहलीच्या आदल्या दिवशी तो फोन तिच्या हातात ठेवला.

लेक सहलीहून परतली, तेव्हा आईने मशीन थांबवून विचारलं, "काय म्हणाल्या गं मैत्रिणी?"

"खूप आवडला त्यांना. म्हणाल्या, हे मॉडेल आमच्याहून नवं आहे, फोटो भारी येतात. दिवसभर सगळे फोटो माझ्याच फोनवर काढले."

आईचा जीव भांड्यात पडला. चष्मा चढवून ती एकेक फोटो बघू लागली. बसमध्ये, झाडाखाली, पायऱ्यांवर, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून हसणाऱ्या त्याच पाच मुली. साठ-सत्तर फोटो बघून झाले.

"अगं, यात तू कुठे आहेस?"

"फोटो काढायला कुणीतरी लागतंच ना, आई."

आईने फोन लेकीसमोर धरला. "उभी राहा बघू तिथे. तुझा एक काढते."

लेकीने कपाळावरचे केस मागे सारले आणि ती हसली. फोटो निघेपर्यंत ते हसू तिने कसंबसं धरून ठेवलं.