सातशे पन्नास

साखरपुड्याची अंगठी आकांक्षाच्या बोटाच्या टोकाशी आली होती, इतक्यात राधाकिसन मामांनी मधे हात घातला. “थांबा जरासं,” म्हणत त्यांनी कल्याणच्या चिमटीतून अंगठी काढून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती डोळ्यापाशी नेली. परतूरच्या त्या मंगल कार्यालयात फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

मामांचा हा स्वभावच. सारं आयुष्य मोंढ्यात, धान्या-कापसाच्या बाजारात गेलेलं. पोत्यात हात घातल्याशिवाय बोली नाही. सोन्यावर हॉलमार्कची छाप मारायला लागले, तसा त्यांना एक आवडता शब्दही मिळाला: नऊशे सोळा, म्हणजे बावीस कॅरेटचं चोख सोनं. चांगला कापूस नऊशे सोळा, चांगला चहाही नऊशे सोळा. हे स्थळ त्यांनीच आणलेलं. “पोरगं जालन्याला स्टीलच्या कारखान्यात हे, एकदम नऊशे सोळा!” आणि तिकडे जाऊन भाचीची तारीफ करताना तर त्यांनी ताळतंत्रच सोडलं होतं. पोरगी म्हणजे गरीब गाय, शब्दाला शब्द लावत नाही, आणि लग्न झालं की नोकरीही सोडणार.

ही शेवटची गोष्ट आकांक्षाला आज सकाळी कळली, तीही साडी नेसताना, आईच्या तोंडून. नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत ती बियांची उगवण तपासायची. ती नोकरी तिनं स्वतः मिळवली होती आणि तिला ती जिवापाड आवडायची. ती तशीच बाहेर जाऊन बोलणार होती, पण झुंबरबाईंनी लेकीचा हात धरला. “माझ्या भावानं शब्द दिला हे. आज चारचौघांत त्याची मान खाली नको घालू. मंग बोल काय बोलायचं ते.” आकांक्षा गप्प बसली. पण गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. कल्याणला विचारावं, तर साखरपुड्याआधी फोनबिन करायचा नाही, हाही मामांचाच नियम.

पाहण्याच्या दिवशी दोघांना अंगणात काय ती दोन मिनिटं मिळाली होती. “तुम्हाला काय आवडतं?” त्यानं विचारलं, आणि भांबावून तिनं हातातल्या फोनवर होता तो फोटोच पुढे केला. कुण्या हिरॉइनची साखरपुड्याची अंगठी. त्या आठवड्यात ती सगळ्यांच्याच फोनवर फिरत होती. तिच्यावरचा हिरा चिंचोक्याएवढा. कल्याणनं हुबेहूब तशीच अंगठी घडवून आणली होती, फक्त हिरा ज्वारीच्या दाण्याएवढा. मघाशी डबी उघडली तेव्हा आकांक्षाला मनापासून हसू आलं होतं, आणि हा माणूस तिला फार आवडला होता.

“सातशे पन्नास!” मामा ओरडले. “आत सातशे पन्नास कोरलं हे! नऊशे सोळा न्हाई!” शेजारचा हॉलमार्कचा बारीक नंबर त्यांनी फोनातल्या ॲपमध्ये घालून पाहिला. तिथेही तेच निघालं. छाप खरी, सोनं खरं, पण अठरा कॅरेटचं, कस कमी. “वंदनाताई, ह्याला काय म्हनावं? आम्ही पोरगी अस्सल देऊन राह्यलो, अन् तुम्ही भेसळीचं सोनं आणलं?”

वंदनाबाई, म्हणजे कल्याणची आई, रागानं लाल झाल्या. मागून मुलाकडचं कुणीतरी “चला, उठा” म्हणालं. खुर्च्या सरकू लागल्या.

“मामा,” कल्याण शांतपणे म्हणाला, “हिऱ्याच्या अंगठ्या बहुतेक सातशे पन्नासातच करतेत. नऊशे सोळा मऊ राह्यतं, त्यात खडा टिकत न्हाई. दुसरा धातू जरा जास्त मिसळला की मंग पकड येती. आमच्या लोखंडाचं बी असंच हे.”

मामांचा विश्वास बसेना. त्यांनी आपल्या नेहमीच्या सोनाराला फोन लावला. तिकडूनही तेच उत्तर आलं, आणि वर “राधाकिसनशेठ, एवढं बी ठाऊक न्हाई का?” हे फुकटात मिळालं. मामांनी फोन खिशात टाकला आणि अंगठी मुकाट्यानं कल्याणच्या हातात दिली. मंडळी हसली, पुन्हा खाली बसली. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला.

आकांक्षानं मात्र हात मागे घेतला. आत्ता बोलले नाही तर जन्मभर बोलता येणार नाही, हे तिला लख्ख कळलं.

“मामा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, “मंग हे बी आत्ताच सांगते. मी नऊशे सोळा न्हाई. मी बी सातशे पन्नासच हे. शब्दाला शब्द लावते. अन् नोकरी बिलकुल सोडणार न्हाई. जमत असंल तर घाला अंगठी.”

झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला. मामांना एकाएकी स्वतःच्या चपला पाहाव्याशा वाटल्या. मोडलं तर मोडलं, असं आकांक्षानं ठरवलंच होतं. ती सरळ वंदनाबाईंकडे पाहत राहिली. त्या उठल्या आणि तिच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“अगं, नोकरी करती म्हणून तर ह्यानं तुला पसंत केलं,” त्या म्हणाल्या. “तुझे मामा म्हनले, तुलाच करायची न्हाई. तवापासून पोरगं धड जेवंना. घाल रे कल्याण, जल्दी घाल, ती पुन्हा नऊशे सोळा व्हायच्या आत!”