दंडाची पावती

पंचवीस वर्षांपूर्वी वनखात्यानं नवसीच्या सासऱ्याला अतिक्रमणाचा दंड केला होता. बारवी धरणाकडच्या वाडीतली नवसी जी जमीन कसते, ती तेव्हापासून तिच्याच घरची, याला वनहक्काच्या दाव्यात आता तेवढी पावतीच पुरावा. अंबरनाथचे कलावंत श्रीपाद ती ‘प्रदर्शनापुरती’ म्हणून घेऊन गेले होते.

सुनावणीची तारीख आली, तशी नवसी थेट मुंबईच्या संग्रहालयात पोचली. श्रीपादांच्या तीस वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, विषय सामाजिक न्याय. पडद्यावरच्या व्हिडिओत नवसीच बोलत होती आणि खाली तिची पावती काचेसारख्या रेझिनच्या लादीत कायमची बसवली होती.

“काढून दे रं भाऊ, उद्या सुनावणी हाय.”

“लादी फोडली तर कागदाचा भुगा होईल, नवसीताई,” श्रीपाद कळवळून म्हणाले. कळवळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी पावतीचा झकास फोटो मात्र काढून दिला.

सुनावणीत साहेबांनी फोटो पाहिला आणि चष्मा पुसला.

“अहो बाई, ही पावती मी प्रत्यक्ष पाहिलीये. उद्घाटनाला होतो ना मी! डोळ्यांत पाणी आलं हो.”

“मंग झालं की, सायेब!”

“झालं कसं? फाइलला मूळ प्रतच लागते.”