विचारण्याआधी

जळगावच्या त्या तपासणी केंद्रात सकाळपासून एक्स-रेचे फोटो उघडायला फार वेळ लागत होता. सगळ्या शाखांचे फोटो एकाच सर्व्हरवर असत आणि तो सांभाळायचं काम चेलनाचं. बाहेर पेशंट ताटकळले होते, डॉक्टर वैतागले होते.

डिस्क ठीक होती, नेटवर्कही ठीक होतं. मग तिनं कोणता कॉम्प्युटर काय मागतोय ते पाहिलं आणि ती चक्रावली. पाचोऱ्याच्या शाखेतला कॉम्प्युटर एकामागून एक फाइल मागत होता. पण प्रत्येक फाइल मिळाल्याची वेळ ती मागितल्याच्या आधीची होती.

घड्याळ चुकलं असेल, म्हणून तिनं दोन्हीकडची वेळ ताडून पाहिली. तसूभरही फरक नव्हता.

त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढायला सांगावं, म्हणून तिनं पाचोऱ्याच्या शाखेतल्या भूषणला फोन लावला.

"हो ताई, काढली वायर," तो म्हणाला.

चेलना अजून काही बोललीच नव्हती. "वायर काढ म्हणून कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच की आत्ता!"

स्क्रीनवर पाचोऱ्याचा कॉम्प्युटर अजूनही फायली मागत होता. भूषणनं भलतीच वायर काढली की काय, असं तिच्या मनात आलं.

"नाही ताई, नेटवर्कचीच आहे. ही काय, माझ्या हातात."

पलीकडे भूषण मध्येच थांबला. कोणाचं तरी बोलणं ऐकून घ्यावं, तसा. मग त्याचा आवाज एकदम खाली आला.

"अरे देवा! ताई, रडू नका. कधी झालं हे?"

चेलनाचे डोळे कोरडे होते.