शिसं भरलेलं हाड

अल्माटीहून आलेल्या डॉक्टर झौरेशनं स्वमग्नतेच्या तपासणीसाठी पाच वर्षांच्या कुंदिझपुढे बाहुलीचा वाढदिवस मांडला. कुंदिझनं ढुंकूनही पाहिलं नाही. खिशातून मेंढीच्या घोट्याची हाडं काढून तिनं फरशीवर रांगेत मांडली. झौरेशनं फॉर्मवर खूण केली: वस्तू ओळीनं लावते. "लेकी, आणखी किती खुणा झाल्या की गावची शाळा हिला नको म्हणेल?" कुंदिझच्या आजीनं विचारलं. "दोन." "तू गं लहानपणी बाहुल्यांचे वाढदिवसच करायचीस?" झौरेशला हसू आलं, पण नजर हाडांवरून हलेना. सगळी एकाच कुशीवर, सारख्या अंतरानं. अशी रांग तिनं लहानपणी कुठं पाहिलेली? तेवढ्यात कुंदिझनं डॉक्टरच्या हातातलं पेन काढून घेतलं, तिथं रांगेतली हाडं टिपायचं, शिसं भरलेलं नेमाचं हाड ठेवलं आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. फॉर्मवर पुढचा प्रश्न होता: दुसऱ्याला खेळात घेते का? झौरेशच्या अंगठ्यानं केव्हाच नेम धरला होता.